पासच्या चौकटीतलं नाव

उंद्रीच्या स्टँडवर खामगावची एसटी बंद पडली होती आणि तिच्यातली माणसं दिसेल त्या जीपमध्ये शिरत होती. मी रोजची. मधल्या सीटवर, खिडकीशी, माझी जागा ठरलेली. तेरावी सवारी म्हणून तो चढला आणि त्याच्या काखेतली पुठ्ठ्याची लांब नळी सरळ माझ्या कानावर बसली.

“सॉरी... सॉरी हं! लागलं का?”

“नाही, नाही. रोज सकाळी एक दांडा खाल्ल्याबिगर मले काम सुचत नाही. उभी धरा ना ती तोफ!”

अख्खी जीप हसली. तोही हसला, आणि हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडली... प्रेमाच्या गोष्टीत मुलगी इथं लाजते म्हणतात. मी लाजले नाही. माझा कान दुखत होता. खळी मात्र मी पाहिली, खोटं कशाला बोलू.

“तोफ नाहीये, कागद आहेत,” तो म्हणाला. “कोरे.”

“कोऱ्या कागदाले एवढं जपता? मंग लिहिलेल्याचं काय करता?”

“त्याचं काय करायचं ते मालक लोक ठरवतात.”

बोलणं पुण्याचं, शर्ट पुण्याचा. पण घाम त्यानं बाहीनं पुसला आणि खिडकीतून भपकन आत आलेल्या धुळीला नाक मुरडलं नाही. विचारलं तर जळगाव जामोदचा निघाला, आमच्याच जिल्ह्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरच्या कंपनीत.

“मी डी.आर.”

“डी.आर. म्हणजे?”

“धम्मरत्न. तिकडे सगळे डी.आर.च म्हणतात.”

“काऊन? पूर्ण नाव घेतलं तर जीभ दुखते का त्यांची?”

पुढची दहा मिनिटं तो बाहेरच्या नागड्या शेतांकडं बघत बसला. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण बोललेलं परत घेण्याची सवय मला नाही.

चिखलीच्या अलीकडं, बियाण्याच्या कंपनीच्या गेटाशी मी उतरले. तोही उतरला.

“तुम्ही पण इथेच?”

“चार वर्षांपासून.”

“काय करता?”

हा प्रश्न मला गावात शंभर जणांनी विचारलाय. विचारणारा उत्तर संपायच्या आत दुसरीकडं बघायला लागतो. मी म्हणाले, “नीट इचाराल तेव्हा सांगीन,” आणि आत गेले.

*

दहा वाजता शेठनं सगळ्यांना गोदामासमोर उभं केलं. एप्रिलचं ऊन. सावली होती तिथं शेठ, शंकरराव मॅनेजर आणि तो. बाकी आम्ही.

“एक जूनपासून कंपनीत नवं सॉफ्टवेअर येऊन राह्यलं,” शेठ म्हणाला. “त्याच्या आधी हे साहेब पंधरा दिवस इथं बसतील. कोण काय काम करते ते पाहतील, इचारतील, अन् भिंतीवर नकाशा काढतील. एका कामाले एक चौकट. एका चौकटीत एक नाव. तेच नाव मशीनमधी जाईल. ज्याचं नाव नकाशात नाही...” त्यानं डोळे बारीक केले, “...तो इथं काय करून राह्यला, हे मले समजून घ्या लागंल.”

सगळ्यांना बरोबर समजलं. तानाबाई माझ्याशेजारी उभी होती. थैल्यांना लेबल शिवायचं काम तिचं, वीस वर्षांपासून. तिनं मला कोपर मारलं.

“मंजे, माह्या सुईले चौकट भेटन का वं?”

“भेटन मावशी. लेबल काय शेठ शिवणार हाय?”

“अन् तुले?”

मी ओढणीनं कपाळ पुसलं.

सांगूनच टाकते. सोयाबीनचं बियाणं शेतकऱ्यांकडून येतं, चाळणीतून जातं, थैलीत भरलं जातं. पण विकायच्या आधी ते उगवतं का नाही, हे पाहावं लागतं. प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे ओल्या वाळूत लावायचे, आठव्या दिवशी रोपं तपासायची. शंभरात सत्तर धड निघाली तर लॉट पास, नाहीतर तेलाच्या मिलला. हे काम मी करते. मी एकटी. बीएस्सी आहे, वनस्पतीशास्त्र. पण कंपनीच्या कागदावर मी ‘मदतनीस’. पासच्या चिठ्ठीवर सही शंकररावांची. आणि शंकररावांची रीत अशी, की दर सोमवारी सकाळी ते चहा पीत पीत पन्नास कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकून टाकतात आणि पुस्तक माझ्याकडं फेकतात. “भरत जा.” झालं. आठवडाभर त्यांनी वाळूचा ट्रे बघितला तर माझं नाव बदला. गेल्या साली त्यांनी एका लॉटवर चौसष्टचे बहात्तर लिहायला सांगितलं. मी लिहिले नाहीत. तो लॉट मिलला गेला. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन महिने फार छान गेले.

तर त्या नकाशात माझं नाव येतं का नाही, एवढाच प्रश्न होता. नाव आलं तर काम माझं. नाही आलं तर जूनमध्ये मी उंद्रीला, घरी.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीत आला. दारातच थबकला.

“इथे... पाऊस पडून गेलाय का?”

बाहेर बेचाळीस डिग्री. आत रोपांसाठी एसी लावून पंचवीस, आणि भिजल्या वाळूचा वास. अख्ख्या चिखलीत एप्रिलमध्ये असा वास फक्त माझ्या खोलीत येतो. त्यानं डोळे मिटून श्वास घेतला. एखादा माणूस किती दिवसांचा दमलाय, ते त्याच्या श्वासावरून कळतं.

“दार लावा. गरम हवा येते,” मी म्हणाले.

त्यानं दार लावलं. हातात पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा. स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसला, पेनाचं टोपण काढलं.

“नीट विचारतो. तुम्ही काय करता?”

मी हातातला चिमटा खाली ठेवला. ...आणि सांगितलं. अर्धा तास. तो मध्ये बोलला नाही, फोन पाहिला नाही. एकेक काम एकेका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून टेबलावर लावत गेला. नमुना घेणं. वाळू भाजणं. दाणे लावणं. पाणी. तपासणी. कधी कधी मागं जाऊन विचारायचा, “आणि हे बिघडलं तर कोणाला सांगता?” हा प्रश्न मला कुणीच कधी विचारला नव्हता.

“कोणाले सांगू? मीच निस्तरते.”

टेबल पिवळं झालं. बावीस चिठ्ठ्या.

“बावीस कामं,” तो हळूच म्हणाला. “कंपनीनं दिलेल्या यादीत तुमच्यापुढे एकच लिहिलंय. ‘खोली साफ ठेवणे.’”

मी हसले. हसू कडू होतं, ते त्याला दिसलं. त्यानं नजर वळवली नाही.

त्यानंतर तो रोज यायला लागला. चाळणीवाल्यांचं विचारून झालं की माझ्या खोलीत. कारण काढून. कधी पेन विसरलेलं, कधी पाणी प्यायचं. एकदा त्याला चिमटा दिला आणि रोपं निवडायला बसवलं. त्यानं तीन रोपं मोडली.

“पुण्यात रोप नसतं का?”

“असतं. कुंडीत. हात लावू देत नाहीत.”

“इथं लावू देते. पण मोडलं तर भरून द्या लागते.”

“काय देऊ भरून?”

“ते मी ठरवीन.”

“...लवकर ठरवा,” तो म्हणाला, रोपाकडं बघत. कानाच्या पाळ्या लाल. आणि मी? मी त्या ट्रेमधले दाणे दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. चार वर्षांत पहिल्यांदा.

तानाबाईला सगळं दिसत होतं. “मंजे, तो नकाशा काढायले येते का नकाशात हरपायले?”

“मावशी, सुई सांभाळ, बोटात जाईल.”

“माह्या बोटाचं सांगू नको. तुह्या जीवाचं पाह्य.”

एक दिवस मी त्याला विचारलं, नकाशा खरा का खोटा, हे तुम्हाला कळतं कसं? सगळे तुम्हाला आपल्याच फायद्याचं सांगणार.

“एक खरा लॉट घ्यायचा,” तो म्हणाला, “आणि नकाशावर चालवायचा. गेटापासून. प्रत्येक चौकटीपाशी थांबायचं आणि जिथे ज्याचं नाव आहे त्यालाच विचारायचं, या लॉटचं तू काय केलंस? खरं काम करणारा बोलतो. खोटी चौकट मुकी निघते.”

हे सांगताना त्याचे डोळे असे चमकले, की मला वाटलं... हा माणूस खरं लिहील.

सोमवार आला. साडेनऊला तो शंकररावांच्या केबिनमध्ये बसला होता, समोर चहा. मी पुस्तक घ्यायला गेले. शंकररावांनी त्याच्या देखतच सह्या सुरू केल्या. एक, दोन, दहा... लाज अशी काही नव्हतीच. ती त्यांच्या लेखी रीत होती, चहासारखी. पन्नास झाल्या तसं पुस्तक माझ्याकडं सरकवलं. “भरत जा.”

डी.आर.नं माझ्याकडं पाहिलं. मग पुस्तकाकडं. त्याचा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

दुपारी तो खोलीत आला नाही. मंगळवारीही नाही.

*

बुधवारी त्यानं हॉलच्या भिंतीवर नकाशा लावला. बारा फूट लांब. गेटापासून गोदामापर्यंत चौकटी, बाण, नावं. सगळे शोधत होते, पोरं वर्गाबाहेर निकाल शोधतात तसे. तानाबाईचं नाव होतं. ‘लेबल शिवणे — तानाबाई.’ तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिनं बोटानं ते नाव दोनदा गिरवलं.

मग मी माझं शोधलं.

‘उगवण तपासणी — प्रयोगशाळा.’ प्रयोगशाळा! खोली काय स्वतः दाणे लावते? आणि पुढची चौकट, मोठी, लाल काठाची: ‘लॉट पास — शंकरराव.’

मी परत पाहिलं. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. बावीस चिठ्ठ्यांतली एकही नव्हती.

तो हॉलच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी एकटा उभा सापडला.

“माहं नाव कुठं आहे?”

“मंजुश्री... ऐका, आधी शांतपणे—”

“नाव कुठं आहे?”

“मी मुद्दाम काढलं.” त्यानं खाली बघितलं. “ते नकाशात नसलेलंच बरं. तुमच्यासाठी.”

“माह्यासाठी?”

“जून झाल्यावर मी तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी... पुण्यात सुद्धा ओळखी आहेत माझ्या, मी बघतो—”

“तुमाले कोणी सांगतलं बघाले?”

आणि तो फुटला. इतके दिवस इस्त्री करून ठेवलेली त्याची भाषा एका झटक्यात चुरगळली.

“अवं तुले समजत काऊन नाही! कोऱ्या सहीवर तू आकडे भरून राह्यली चार सालापासून! उद्या कुठं बियाणं उगवून निघालं नाही, चौकशी आली, तर तो शंकरराव हात वर करन! म्हणन, मी बापा भरवशानं सही केली, लिवलं हिनं! तुले नेतील, त्याले नाही! मी ते नकाशात लिवून देऊ? माह्या हातानं?”

बोलून तो दचकला. मीही. तो मला ‘तू’ म्हणाला होता, आणि आपल्या बोलीत. एवढ्या रागातही मला ते गोड लागलं... त्याचीच मला जास्त चीड आली.

“बोलता येते ना इकडचं? मंग आतापर्यंत कुठं दाबून ठेवलं होतं?”

“मंजुश्री—”

“आता माहं ऐक. माह्या वाटचं मीच भिईन. त्याच्यासाठी मले माणूस ठेवायचा नाही. शंकररावानं माहं काम घेतलं, मले न इचारता. तू माहं नाव काढलं, मले न इचारता. तो तरी डोळ्यानं वाईट दिसते. तू तर चांगला दिसत होता.”

त्याचा चेहरा पांढरा पडला.

“तू सोताचं नाव पूर्ण लिहीत नाही, धम्मरत्न. माहं काय लिहिणार?”

मी वळले. डोळे भरले होते, ते त्याला दिसू नये म्हणून भराभर चालले. जीपमध्ये उंद्रीपर्यंत मी तोंडाला ओढणी गुंडाळून बसले. उन्हाचं निमित्त बरं असतं.

*

शुक्रवारी अकरा वाजता शेठसमोर नकाशा मांडायचा होता. त्यावर शेठची सही झाली की तो पक्का. हॉलमध्ये पंखे गरम हवा ढवळत होते. शेठ पुढं, शंकरराव शेजारी पाय पसरून, आम्ही भिंतीला टेकून. डी.आर. नकाशापाशी. दोन दिवसांत तो बारीक झालेला दिसत होता. दाढी केलेली नव्हती.

त्यानं एकेक चौकट वाचली. आवाज कोरडा. लाल चौकटीपाशी अडखळला, पण वाचली. शेठनं पेन काढलं.

खरं सांगते, मी शूर वगैरे नाही. मला घरी बसलेली मी दिसली. बस्स.

“शेठ, एक लॉट चालवून पाहा.”

शंकरराव वळले. “मंजुश्री, मोठे बोलून राह्यले ना? मधात तोंड नको घालू.”

“काय चालवायचं?” शेठनं विचारलं.

“हे साहेबच सांगतात, नकाशा खरा का खोटा ते लॉट चालवल्यावर समजते. सत्तेचाळीस नंबर घ्या.”

शेठनं डी.आर.कडं पाहिलं. आता त्याच्या हातात होतं. ‘वेळ नाही’ म्हणाला असता तर संपलं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी काही मागितलं नाही. मागायचंच नव्हतं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “चालवायला हवा.”

त्यानं नकाशावर बोट ठेवलं, गेटापाशी. लॉट सत्तेचाळीस. वजनकाट्यावर कोण होतं? काटेवाला बोलला. चाळणी? चाळणीवाला बोलला, जाळी फाटली होती तेही सांगितलं. थैली? थैली भरणारी बोलली. बोट सरकत सरकत लाल काठापाशी आलं.

“शंकरराव, हा लॉट तुम्ही पास केला?”

“मीच. सही आहे ना.”

“पहिली तपासणी किती आली होती?”

“...सत्तरच्या वरच असंन.”

“एकसष्ट,” डी.आर. माझ्या खोलीत टिपून घेतलेलं बघून म्हणाला. “दुसरी अठ्ठ्याहत्तर. त्याच शेतकऱ्याचं, त्याच ढिगातलं बियाणं. मध्ये काय बदललं?”

शंकररावांनी पाय आवरून घेतले. “आता एवढं बारीक कोण ध्यानात ठेवते? वाळू-बिळू बदलली असंन.”

“वाळू तीच होती. काय बदललं?”

चौकट मुकी होती. सगळ्यांनी ऐकली.

“मी सांगते,” मी म्हणाले. आवाज कापला, कापू दिला. “दाण्याची साल तडकलेली होती. मी शोधत गेली. बियाणं वर चढवायची नवीन लिफ्ट आहे ना, तिच्यातून ते पंधरा फुटावरून लोखंडावर आपटत होतं. सोयाबीनची साल पातळ, तिले एवढं सहन होत नाही. मी अन् तानाबाईनं लिफ्टच्या तोंडाशी गोणपाट बांधलं, झोळीवाणी. राह्यलेला ढीग त्याच्यातून काढला. तो अठ्ठ्याहत्तर निघाला. आपटलेला मी मिलले पाठवला. अजून बांधलेलं आहे गोणपाट, जाऊन पाहा.”

“हाव शेठ, माहीच गोणपाटं होती!” मागून तानाबाई.

मी पासचं पुस्तक टेबलावर ठेवलं. उघडं. चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शंकररावांची सही.

“चार वर्षांपासून सही यांची अन् फैसला माहा. कोऱ्या चिठ्ठीवर लिवणं चूक आहे. ते मी केलं. पण त्याच्यावर खोटा आकडा एक बी नाही.”

शंकरराव ताडकन उठले. “शेठ, मले याच्यातलं काही माहीत नाही! या पोरीनं पुस्तक कधी उचललं—”

“सोमवारी,” डी.आर. म्हणाला. “साडेनऊला. तुम्ही चहा पीत माझ्यासमोर पन्नास सह्या केल्या आणि ते तिला दिलं. मी पाहिलं, शेठ. पाहिलं आणि नकाशातून वगळलं. हा नकाशा खोटा आहे. काढणारा मी आहे.”

शेठ बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत राहिला. तो काही देवमाणूस नाही, तसं लिहिणार नाही मी. त्यानं न्यायाचं एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, “सत्तेचाळीस नंबर शेतात निघंन का?”

“निघंन.”

“मंग त्या चौकटीत हिचं नाव टाका. जून तोंडावर आला.”

कोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल दोघांनाही मेमो मिळाला. शंकररावांच्या मेमोत ‘यापुढे कृपया दक्षता घ्यावी’ होतं. माझ्या मेमोत ‘गंभीर’ हा शब्द तीनदा. कृपया एकदाही नाही. असू द्या. मार्कर मी डी.आर.च्या हातातून घेतला आणि लाल चौकटीत लिहिलं: मंजुश्री जानराव खंडारे. बारा फुटांच्या कागदावर सगळ्यात वाकडं अक्षर तेच होतं.

*

दोन वाजेपर्यंत पुण्याहून फोन आला. खोटा नकाशा मांडला हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं, आता उरलेलं काम दुसरा माणूस करणार. त्याला सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं, साहेबासमोर.

तो माझ्या खोलीच्या दारात आला. आत आला नाही.

“येऊ?”

“दार लाव. गरम हवा येते.”

तो आत येऊन भिंतीशी उभा राहिला. दोघंही ट्रेकडं बघत होतो. ओल्या वाळूतून कुठंकुठं मान वाकवून अंकुर वर येत होते.

“मंजुश्री, माफी मागतो. अन्... दुसरं पण एक बोलायचं होतं.”

“दुसरं इथं नाही.” मी चिमटा ट्रेवर ठेवला. “रविवारी उंद्रीले ये. घरी. बाबा आहेत.”

“पाहायला?” तो गोंधळला. “म्हणजे... तसं?”

“तसंच. पण मी डोक्यावर पदर घेऊन चहा आणणार नाही. चहा बाबा करतील. मी खुर्चीवर बसणार. मलेही इचारायचं आहे.”

त्याच्या गालावर खळी पडू की नको असं करत पडली.

रविवारी सकाळी दहाला तो आला. माझे बाबा, जानराव, ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडतात. कमी बोलतात. आई गेल्यापासून चहा तेच करतात, आणि साखर जास्तच पडते. तीन कप घेऊन ते आले. तो उठून उभा राहिला, आपला कप घ्यावा की बाबांचा ट्रे, ते त्याला कळेना. मी खुर्चीतून हलले नाही. शेजारची दोन डोकी कुडावरून वर आली आणि मी खुर्चीवर बसलेली बघून खाली गेली.

बाबांनी विचारलं, घर? किरायाचं. आई-वडील? जळगाव जामोदलाच. नोकरी? “आता राहील का नाही, सांगता येत नाही,” त्यानं सरळ सांगितलं. बाबांनी मान हलवली. चहा फुंकला. मग म्हणाले, “पोरीचं नाव काऊन काढलं होतं तुमी?”

“बाबा, हा प्रश्न माहा आहे.”

“मंग तू इचार.”

मी त्याच्याकडं वळले. “काऊन काढलं होतं?”

“भेलो होतो.”

“कोणाले? शेठले?”

“शेठले थोडा.” त्यानं कप खाली ठेवला. “तुले काही झालं असतं, तर... ते मले पाहवलं नसतं. मले वाटलं, तुले वाचवलं की सांगतल्यासारखंच आहे. मंग वेगळं काय सांगायचं?”

“नाही. वाचवणं वेगळं. सांगणं वेगळं.”

“हाव.” ओसरीवरचं ऊन त्याच्या पायापर्यंत आलं होतं. त्यानं एकदा बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग फक्त माझ्याकडं.

“मंजुश्री, तू मले आवडते. मले तुह्यासंगं लग्न करायचं आहे. तुह्या मनात काय आहे?”

बाबांनी चहाचा घोट तसाच तोंडात धरला.

माझं उत्तर तयार होतं. द्यायला एक क्षण पुरला असता. पण मी घाई केली नाही. असा प्रश्न, एवढा सरळ, माझ्याच तोंडाकडं बघून कोणी पहिल्यांदा विचारला होता. तो जरा वेळ त्या ओसरीवर तसाच राहू दिला. त्यानं कप उचलला आणि न पिताच परत ठेवला. ठेवू दिला.

“हाव,” मी म्हणाले.